गाऱ्हाण्याची वाट

उन्हाळ्यात अकोट-तेल्हाऱ्याकडच्या एखाद्या गावात नळ कोरडा पडला की रिकामी गुंडी आधी सरपंचाच्या ओट्यावर आदळते. "काहून जी सरपंच, पाणी कवा येईन?" सरपंचाकडे उत्तर नसतं. खारपाणपट्ट्यातल्या या गावांच्या विहिरींना पाणी असतं, पण ते तोंडात धरवत नाही. पिण्याचं पाणी येतं ते वान धरणातून, आणि त्या योजनेचं नावच '८४ खेडी' असं आहे. अकोला जिल्ह्यात दुसरी आहे खांबोऱ्याची '६४ खेडी', तिचं पाणी काटेपूर्णेचं. धरण दूर, जलवाहिनी मैलोगणती, वीजबिल कुणाच्या तरी फायलीत. शिव्या खाणारा तेवढा गावात राहतो.

ही गंमत आजची नाही. वऱ्हाडात गावचा कारभारी नेहमीच हाताशी सापडणारा माणूस होता, आणि त्याच्या हातातली सत्ता नेहमी दुसऱ्याची होती. त्यामुळे नाराज गावकऱ्याने इथे एक वाट फार पूर्वीपासून मळून ठेवली आहे. ती गावाबाहेर, वरच्या कचेरीकडे जाते.

निजामाच्या काळात तर 'वर' म्हणजे नेमकं कोण, हेच कळायची चोरी होती. अठराव्या शतकात नागपूरकर भोसले आणि निजाम या दोघांचीही वसुली वऱ्हाडात चाले. लोक त्याला दोअमली म्हणत. १८०३च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा हात निघाला, पण मागे उरला तो हैदराबादचा इजारा. परगण्याची वसुली बोली लावून कुणा सावकाराने घ्यायची आणि लावलेला पैसा रयतेकडून दामदुपटीने उकळायचा, असा तो प्रकार. खालच्या टोकाला गावचा पाटील उभा. तो गावाचा प्रमुख होता हे खरं, पण त्याची पहिली जबाबदारी सारा वेळेवर भरण्याची. गावाची बाजू घेतली तर वरून दट्ट्या, वरची घेतली तर गावात तोंड दाखवायची पंचाईत. परगण्याचे देशमुख-देशपांडेही याच साखळीतले.

२१ मे १८५३च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आलं. पुढे प्रदेशाचे दोन भाग पडले: पूर्व वऱ्हाडचं ठाणं अमरावती, पश्चिम वऱ्हाडचं अकोला. जिल्ह्यावर बसणाऱ्या साहेबाला इथे कलेक्टर म्हणत नसत, डेप्युटी कमिशनर म्हणत. मुंबईच्या धर्तीवर रयतवारी पाहणी झाली, शेत थेट कुणब्याच्या नावे लागलं. शेजारच्या नागपूरकडे मालगुजार बसला, तसा गावाचा मालक वऱ्हाडात बसला नाही. पाटील आणि पटवारी मात्र ठेवले. जमा केलेल्या साऱ्यावर शेकड्याने त्यांचा मोबदला ठरला. १९०० साली या दोघांसाठी खास 'बेरार पटेल्स अँड पटवारीज लॉ' करण्यात आला. वतन वंशपरंपरेचं होतं, पण नेमणुकीचा शिक्का सरकारचा. एकाच गावात मुलकी पाटील वेगळा आणि पोलीस पाटील वेगळा, असंही असे. भाऊबंदकीला यापेक्षा सुपीक जमीन मिळणं कठीण.

आणि इथूनच अर्जाचं युग सुरू झालं. पाटलाने सारा घेऊन पावती दिली नाही, जनावर कारण नसताना कोंडवाड्यात घातलं, पांदण अडवली, पटवाऱ्याने पेरा चुकीचा लिहिला. गाऱ्हाणं कुठलंही असो, ते चावडीवर मिटलं नाही तर त्याची दिशा ठरलेली: तहसील, मग डेप्युटी कमिशनर. कचेरीच्या आवारातल्या अर्जनवीसाला कायद्याची भाषा येत असे आणि गावकऱ्याला आपला राग. दोन्ही मिळून 'मायबाप सरकार'पासून सुरू होणारा कागद तयार होई.

वर जाण्याला कुणी भित्रेपणा म्हणत असेल तर त्याने थोडं थांबावं. गाव म्हणजे एकदिलाचं कुटुंब, हे चित्र ओवाळून ठेवायला बरं. गावच्या विहिरीवर ज्याला पाय ठेवता येत नव्हता, त्या माणसाला गावच्या पंचांकडून न्याय कसला मिळणार होता? अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख १९२८च्या सुमारास जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णय झाला. तो निर्णय कुठल्या चावडीने घेतला नव्हता. तो जिल्ह्यातून आला. अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह नुकताच होऊन गेला होता, त्यामुळे हवा तापलेलीच होती. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवगाथेवर कोरडे ओढले, तेव्हा अनेक गांधीवादी सभासद दुखावले आणि त्यातूनच ग्रामपंचायतींचं ४०वं कलम घटनेत आलं. त्या समितीत पंजाबरावही होते. गावाला सत्ता द्यावी की गावापासून माणसाला वाचवावं, हा वाद वऱ्हाडाला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

कागदावर पंचायती तोपर्यंत आलेल्या होत्या. मध्य प्रांत-वऱ्हाडात १९२०मध्ये ग्रामपंचायतीचा कायदा झाला, पण गावोगाव पंचायत काही उभी राहिली नाही. १९४६चा कायदा त्यामानाने दमदार. १९४८मध्ये द्वारकाप्रसाद मिश्रांच्या कल्पनेतून जनपद सभा आल्या आणि जिल्हा कौन्सिलं जाऊन कारभाराचं केंद्र तहसिलीत आलं. ती घडी नीट बसते न बसते तोच १९५६मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि १९५८चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १ जून १९५९पासून लागू झाला. बारा-तेरा वर्षांत तीन व्यवस्था! गावकऱ्याला पाटी बदललेली दिसे, माणसं बहुधा तीच.

त्यानंतरची मोठी आखणी एका वऱ्हाडी माणसाच्याच नावे आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली १९६०मध्ये समिती नेमली गेली. तिने २२६ शिफारशी केल्या, आणि १ मे १९६२ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. या रचनेचं कौतुक देशभर झालं, ते रास्तच. पण तिचा कणा जिल्हा होता. शाळा, दवाखाने, रस्ते, त्यांचे नोकर आणि पैसा जिल्हा परिषदेकडे. गावाकडे दिवाबत्ती, गटार आणि घरपट्टी. ग्रामसेवक, ज्याला वऱ्हाडात सर्रास 'सचिव' म्हणतात, तो पंचायतीचा कारभार लिहितो आणि पगार जिल्हा परिषदेचा घेतो. १ जानेवारी १९६३ला मुलकी पाटलाचं पदही गेलं. पोलीस पाटील उरला, तो १९६७च्या कायद्याने नेमणुकीचा झाला. चावडीत रिकाम्या झालेल्या जागेवर लोकांच्या मनाने सरपंचाला बसवलं. त्यात पाटलाचा रुबाबही आला आणि पाटलावरचा रागही.

मतपेटी गावात आल्यावर काय होऊ शकतं, हे तुकडोजी महाराजांनी लवकर ओळखलं होतं. यावलीत जन्मलेल्या आणि मोझरीच्या गुरुकुंजातून काम करणाऱ्या महाराजांनी १९५०च्या दशकात ४१ अध्यायांची 'ग्रामगीता' लिहिली. गावाच्या स्वच्छतेइतकंच त्यांना मताच्या स्वच्छतेचंही पडलं होतं. जात, ओळख, खाणंपिणं पाहून दिलेलं मत देणाऱ्यावरच उलटतं, असं त्यांनी बजावलं. विदर्भात ग्रामगीता घरोघरी वाचली जाते. निवडणुकीच्या आदल्या रात्री मात्र ती फळीवरच असते.

कायदेमंडळाने दुखण्यावर औषधं बरीच बदलून पाहिली. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३पासून आरक्षण आणि नियमित निवडणुका आल्या. महिलांचा वाटा महाराष्ट्रात २०११मध्ये निम्मा झाला, आणि सोबत 'सरपंचपती' हा शब्दही रूढ झाला. सदस्यांनी सरपंच निवडायचा म्हणून सदस्य सहलीला नेण्याची रीत पडली, तेव्हा २०१७मध्ये थेट जनतेतून निवड आणली. २०२०मध्ये ती रद्द. २०२२मध्ये पुन्हा सुरू. सरकार बदललं की सरपंच निवडण्याची पद्धत बदलते. गावाला कुणी विचारत नाही.

पैशाचंही तसंच. २०२१ ते २०२६ या काळात पंधराव्या वित्त आयोगाची रक्कम थेट पंचायतीच्या खात्यात येई, पण त्यातला ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. ज्याला पांदण हवी आहे तो सरपंचाला म्हणतो, पैसा आला तर जातो कुठे? सरपंच खरं सांगतो, आणि कुणाला खरं वाटत नाही. सगळेच सरपंच बिचारे असतात असं मात्र मुळीच नाही. ई-क्लासच्या, म्हणजे गुरचरणाच्या सरकारी जमिनीवर कुणाचं कुंपण किती सरकलं, हे वऱ्हाडातल्या प्रत्येक गावाला ठाऊक असतं. अशा अतिक्रमणासाठी सदस्याला अपात्र ठरवता येतं. तक्रार मात्र गावात ऐकली जात नाही, ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी लागते. म्हणजे पुन्हा तीच जुनी वाट.

उलट उदाहरणही वऱ्हाडातच आहे. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला २०१२मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकडीवर गावाने झाडं वाढवली, सीताफळाची विक्री गावानेच हाती घेतली, आणि २०१४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार तिथे पोचला. तिथे ग्रामसभेच्या हाती जंगल आहे, म्हणून सभेत बोलण्यासारखं काही आहे. कुणी किती तोडलं, किती विकलं, हिशेब कुठे आहे, हे प्रश्न ज्याला विचारायचे तो समोरच बसलेला असतो.

बाकीच्या गावांतही असे प्रश्न विचारण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. हिशेब मागणं, कामांची यादी ठरवणं, लाभार्थी निवडणं ही कामं ग्रामसभेची. अर्ज लिहायला बसलेल्या वाचकाने तो जरूर लिहावा, पण त्याआधी पंचायतीच्या फळ्यावर पुढच्या सभेची तारीख पाहून घ्यावी. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी असेल ती संख्या पुरते. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.