दलाली आणि हिशेबाची वही

दलाल हा शब्द आपल्याकडे बराच बदनाम झालेला आहे. अडत्यावाचून बाजारपेठ चालत नाही, हे धान्यबाजारात एक सकाळ घालवलेल्या कोणालाही ठाऊक असते. तरी 'मधला माणूस' म्हटले की आपल्या कपाळावर आठी पडतेच. परंतु ज्या दलालीचा इतिहास येथे सांगावयाचा आहे, तिच्यात दलाल मालाला हात लावीत नाही, भाव ठरवीत नाही, पैसाही घेत नाही. तो फक्त बोट दाखवितो. अमुक वस्तू चांगली आहे, ती तमक्या दुकानी मिळेल, एवढेच तो सांगतो. आणि त्या सांगण्यावरून गिऱ्हाईक गेले व त्याने खरेदी केली, तर दुकानदार विक्रीतला ठरलेला हिस्सा त्याला देतो. हिला 'अॅफिलिएट मार्केटिंग' असे नाव आहे. मराठी पुस्तकांची किंवा स्वयंपाकाच्या भांड्यांची चित्रफितीतून ओळख करून देणारी मंडळी खाली खरेदीचा जो दुवा देतात, तो पुष्कळदा ह्याच व्यवहारातला असतो.

ह्या दलालीचा जनक कोण? विल्यम टोबिन नावाच्या गृहस्थांनी १९८९ साली अमेरिकेत 'प्रॉडिजी' ह्या संगणक-सेवेवरून फुले विकण्यास आरंभ केला व त्या विक्रीवर ते प्रॉडिजीला कमिशन देत. पण तेथे दलाल एकच आणि तोही मोठा. ज्याला आपण योजना म्हणू, म्हणजे ज्या दारातून कोणीही लहान माणूस आत येऊ शकेल, ती आम्हांस प्रथम दिसते 'सीडीनाऊ' ह्या दुकानात. पेनसिल्व्हानियातील अॅम्बलर ह्या गावी जेसन आणि मॅथ्यू ऑलिम ह्या जुळ्या भावांनी १९९४ साली आईवडिलांच्या घराच्या तळघरातून ते चालू केले. गेफेन ह्या ध्वनिमुद्रिका कंपनीला आपल्या कलावंतांच्या तबकड्या आपल्या संकेतस्थळावरून विकावयाच्या होत्या, पण बांधाबांध, टपाल, वसुली ही कटकट नको होती. सीडीनाऊने ती स्वतःकडे घेतली. ह्यातून १९९४ च्या अखेरीस त्यांची 'बायवेब' योजना उभी राहिली: संगीतावर लिहिणाऱ्याने तबकडीच्या नावापाशी दुवा द्यावा, वाचकाने तेथून थेट दुकानात जावे, आणि लिहिणाऱ्याला त्याचा वाटा मिळावा.

सिएटलमधील अॅमेझॉन हे पुस्तकांचे दुकान १९९५ च्या जुलैत उघडले. बरोबर एका वर्षाने, जुलै १९९६ मध्ये, त्याने आपली 'असोसिएट्स' योजना जाहीर केली. एका मेजवानीत एका बाईंनी आपल्या संकेतस्थळावरून घटस्फोटाविषयीची पुस्तके विकण्याची इच्छा मालक जेफ बेझोस ह्यांच्याजवळ बोलून दाखविली आणि त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. योजनेचे खरे बळ हिशेबात होते. जाहिरातीचे पैसे आधी मोजावे लागतात, मग गिऱ्हाईक येवो वा न येवो. येथे विक्री झाल्यावाचून पैही द्यावयाची नव्हती. नव्या दुकानाला ह्याहून सोयीचे काय असणार? जोखीम दुकानदाराच्या खांद्यावरून उतरून शिफारस करणाऱ्याच्या खांद्यावर गेली, आणि तो बिचारा आनंदाने ती वाहू लागला. काही वर्षांतच सहयोग्यांची संख्या लाखांच्या घरात गेली.

मात्र गिऱ्हाईक कोणी धाडले, हे ठरवावयाचे कसे? प्रत्येक सहयोग्याला एक खूण मिळते व ती त्याच्या दुव्यातच गुंफलेली असते. गिऱ्हाईक त्या वाटेने आले की दुकान ती खूण टिपते आणि गिऱ्हाइकाच्या यंत्रावर 'कुकी' नावाची बारीकशी चिठ्ठी ठेवते. अॅमेझॉनच्या ह्या चिठ्ठीची मुदत चोवीस तासांची. त्या अवधीत पुस्तकासाठी आलेल्याने मिक्सर घेतला तरी दलाली मिळते. पण घरात विचारून, दोन दिवसांनी नव्याने येऊन तेच पुस्तक घेतले, तर मिळत नाही. आमच्या मते सारा प्रश्न येथेच आहे. बाजारात अडत्याची स्वतःची वही असते व तंटा पडला की ती तो पुढे करतो. ह्या नव्या दलालाजवळ वहीच नाही. मुदत, दर, खातेवही, सर्व दुकानदाराच्या घरी.

गंमत अशी की, सीडीनाऊची योजना आधीची असूनही ह्या शिफारस-पद्धतीचे एक पेटंट अॅमेझॉनला फेब्रुवारी २००० मध्ये मिळाले. सीडीनाऊ त्याच वर्षी बर्टेल्समान ह्या जर्मन कंपनीने विकत घेतली, आणि २००२ मध्ये तिचे संकेतस्थळ चालविण्याचे काम गेले ते अॅमेझॉनकडेच.

सहयोग्यांचे स्थान किती कच्चे आहे, हे विक्रीकराच्या भांडणात उघडे पडले. ज्या राज्यात दुकानाची प्रत्यक्ष जागा वा माणसे नाहीत, तेथे कर गोळा करण्याची सक्ती त्यावर करता येत नाही, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९२ चा निर्णय होता. न्यूयॉर्कने २००८ साली कायदा करून राज्यातले सहयोगी म्हणजे दुकानाची माणसेच, असा अर्थ लावला. अॅमेझॉनने तेथे कर गोळा केला व दावाही लावला. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात २०१३ साली ती हरली. पण इतर राज्यांनी तेच पाऊल उचलताच तिने निराळा उपाय केला: २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना व ऱ्होड आयलंड आणि २०११ मध्ये कॅलिफोर्निया येथील सहयोग्यांचे करार तिने सरळ मोडले. कॅलिफोर्नियात काही महिन्यांनी समझोता होऊन ते पुन्हा जोडले गेले. ज्यांचा कराशी काडीचाही संबंध नव्हता, ते पुस्तकप्रेमी आणि गृहिणी ह्या तंट्यात प्याद्यांसारख्या पटावरून उचलल्या गेल्या. त्या जुन्या निर्णयालाच सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रजा दिली.

पुढे एप्रिल २०२० मध्ये, महामारीमुळे लोक घरांत कोंडलेले असताना व घरबसल्या खरेदी वाढत असताना, अॅमेझॉनने अमेरिकेतील दर उतरविले. घरसामानावरील आठ टक्क्यांचे तीन झाले, किराण्यावरील पाचाचा एक. आगाऊ सूचना होती एका आठवड्याची.