खडकवासल्याच्या काठावरचं जहाज

चौपाटीवरचं कणीस हातात तसंच राहू द्या आणि घटकाभर डोळे मिटा. उघडाल तेव्हा गाड्यांचे हॉर्न नसतील, भज्यांचा वास नसेल. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं आहेत, वैशाखातली दुपार आहे. रस्त्यावर घोट्याएवढा फुफाटा, आणि तो उडवत लष्करी ट्रक एकामागून एक धरणाकडं निघालेत. तोंडावर रुमाल धरा, नाहीतर दाताखाली माती कचकचेल.

सिंहगड ओळखीचा आहे. धरणाची मैलभर लांब दगडी भिंतही तीच. साहेब लोक या पाण्याला लेक फाइफ म्हणतात, धरण बांधणाऱ्या इंजिनिअरच्या नावानं. पण उत्तरेच्या काठाला ते काय उभं आहे? जहाज! घाटाच्या वर, मुंबईच्या गोदीपासून इतक्या लांब, डोंगरांच्या कुशीत. उन्हानं डोकं भणाणलं असेल असं वाटतं ना? डोक्यावर दह्याचं मडकं घेतलेली म्हातारी तुमच्याकडं बघून हसते. “खोटं हाय ते, दादा. लढाईची तालीम चालतीया. कुटंबी जात न्हाई.”

खरंय तिचं. ‘एचएमएस अंगोस्तुरा’ असं भारदस्त नाव असलेलं हे जहाज नांगर उचलणार नाही. जहाजावरून होडीत आणि होडीतून शत्रूच्या किनाऱ्यावर कसं उतरायचं, एवढं शिकवायलाच ते उभं केलंय. चला, वर चढा.

आता खाली बघू नका. जहाजाच्या अंगावरून काथ्याची जाडजूड जाळी लोंबतेय आणि तिच्यावरून तुम्हाला उतरायचंय, पाठीवर ओझं आणि खांद्याला बंदूक घेऊन. हात उभ्या दोरावरच धरा. आडव्यावर धराल तर वरच्या गड्याचा खिळ्यांचा बूट तुमच्या बोटांवर पडेल. शिरस्त्राणाचा पट्टा सोडून ठेवा. पाण्यात पडलात तर तो गळ्याला फास बसवतो. काथ्यानं तळहात सोलवटतात, लोखंडाला हात लागला की चटका बसतो. घाम डोळ्यांत उतरतो आणि पुसायला हात मोकळा नसतो. वरून शिव्या, खालून शिट्ट्या, मध्ये तुम्ही.

खाली सपाट तळाची होडी. तीसेक माणसं खांद्याला खांदा लावून दाटीवाटीनं बसलेली. इंजिनाचा धूर, ओल्या कॅनव्हासचा कुबट वास, शेजारच्याच्या अंगाची आंबूस वाफ. होडी काठाला घासते, पुढची फळी धाडकन पडते आणि तुम्ही धावत सुटता. दोन पावलांत गाळ गुडघ्यापर्यंत. उन्हाळ्यात तलाव आटतो, काठ चिखलानं भरतो. बूट आत राहतो, पाय बाहेर येतो. ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्यांनाही पुढं असाच चिखल लागणार आहे, पण तिथं समोरून गोळ्या येतील.

पडलात? उठताना ओठांवर आलेलं पाणी चाटून बघा. गोड आहे. समुद्राच्या तालमीचं हे पाणी पुण्याच्या नळाला जाणारं आहे. माझं मन इथंच अडकतं. ज्या पाण्यावर शहराचा चहा उकळतो, त्याच पाण्यात घरापासून लांब आलेली कोवळी पोरं मरणाच्या दारात पाऊल कसं टाकायचं ते गिरवत होती.

संध्याकाळी वारा सुटतो. तंबूंबाहेर मोजे वाळतात. पलीकडच्या काठावर गुरं पाण्याला येतात, गळ्यातल्या घंटा पाण्यावरून ऐकू येतात.

लढाई संपल्यावर जहाज तसंच पडून राहिलं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी खडकवासल्याची निवड झाली, तेव्हा हे जुनं प्रशिक्षण केंद्र आणि ते बिनकामाचं जहाज या जागेच्या बाजूनं मोजलं गेलं. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी प्रबोधिनीची पायाभरणी झाली.

आता डोळे उघडा. कणीस गार झालं असेल, पण खाण्याआधी एकदा पलीकडच्या काठाकडं बघा.