पुनरावृत्त एचटीटीपी हेडर

ब्राउझर किंवा मोबाइल ॲप यांसारख्या क्लायंटच्या मागणीला सर्व्हर जे उत्तर पाठवतो, त्यात मुख्य मजकुराच्या आधी ‘नाव : मूल्य’ अशा ओळी असतात, त्यांना हेडर म्हणतात. एकाच उत्तरात एकाच नावाचा हेडर एकाहून अधिक वेळा आला, तर तो पुनरावृत्त हेडर होय. नावातील रोमन अक्षरे मोठी की लहान, हे येथे विचारात घेतले जात नाही.

जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११० या मानकानुसार, ज्या हेडरचे मूल्य स्वल्पविरामांनी विभागलेली यादी असते, त्याची पुनरावृत्ती ग्राह्य असून आलेल्या क्रमाने ती मूल्ये जोडली तरी अर्थ बदलत नाही. म्हणजे ‘कॅश-कंट्रोल’च्या दोन ओळींत ‘नो-कॅश’ व ‘नो-स्टोअर’ आल्यास ‘नो-कॅश, नो-स्टोअर’ अशी एकच ओळ समजता येते.

‘सेट-कुकी’ हा ठळक अपवाद आहे. कुकी म्हणजे सर्व्हरने क्लायंटकडे जपून ठेवायला दिलेली छोटी नोंद. तिच्या मुदतीच्या तारखेत वारानंतर स्वल्पविराम येत असल्याने जोडलेल्या ओळीत एक कुकी कोठे संपली हे नेमके ठरवता येत नाही. वाशिम, कारंजा येथील बाजार समित्यांचे सोयाबीनचे भाव दाखवणाऱ्या एखाद्या ॲपला सर्व्हरने लॉग-इनची एक आणि निवडलेल्या बाजाराची दुसरी अशा दोन कुकी पाठवल्या व ॲपने शेवटचीच वाचली, तर लॉग-इन टिकणार नाही आणि दोष मात्र सर्व्हरचा वाटेल.

हा धोका प्रोग्रॅमिंगच्या साधनांतच दडलेला असतो : गो भाषेतील ‘गेट’ पहिले मूल्य देते, जावातील ‘गेट-हेडर-फील्ड’ शेवटचे, तर पायथनचे ‘गेट-हेडर’ सर्व मूल्ये स्वल्पविरामाने जोडते. संपूर्ण यादीसाठी त्यांत अनुक्रमे ‘व्हॅल्यूज’, ‘गेट-हेडर-फील्ड्स’ व ‘गेट-ऑल’ या सोयी आहेत. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टला मात्र सुरक्षिततेसाठी ‘सेट-कुकी’ वाचूच दिला जात नाही.

काही हेडरांचे नियम स्वतंत्र आहेत. ‘कंटेंट-लेंग्थ’ची, म्हणजे मजकुराच्या लांबीची, परस्परविरोधी मूल्ये आल्यास क्लायंटला उत्तर टाकून देऊन जोडणी बंद करावी लागते, तर सुरक्षित जोडणीची सक्ती करणाऱ्या ‘स्ट्रिक्ट-ट्रान्सपोर्ट-सिक्युरिटी’चा पहिलाच हेडर ग्राह्य धरला जातो. म्हणून क्लायंटने प्रत्येक हेडर आधी यादी म्हणून वाचावा आणि मूल्ये जोडायची, निवडायची की नाकारायची, हे त्या हेडरच्या नियमावरून ठरवावे.