खवट तेल आणि म्हातारपण

देवपूरच्या घरी आजी तेलाचा डबा उघडला की आधी वास घेते. "खवट झायं," असं ती म्हणाली की त्या तेलात पापड तळायचे नाहीत. यंदा सुट्टीत मी तिच्यासाठी अँटिऑक्सिडंट गोळ्यांची बाटली घेऊन गेलो. तिनं विचारलं, "काय व्हस रे यानी?" इंजिनीअर असून मला सांगता येईना. मग वाचायला बसलो.

तेल खवट होतं ते ऑक्सिजनमुळे. बिनजोडीचा इलेक्ट्रॉन असलेला रेणू, म्हणजे मुक्त मूलक, शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो. मग तो शेजारी त्याच्या शेजाऱ्याला लुटतो. ही साखळी डबाभर पसरते.

डेनहॅम हारमन हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ शेल तेल कंपनीत याच मूलकांवर काम करायचा. म्हातारपणाचं कोडं सुटेना म्हणून तो नोकरी सोडून डॉक्टर झाला. 1954 मध्ये बर्कलीत त्याला सुचलं, की आपणही असेच आतून खवट होत असू. 1956 साली त्यानं हा सिद्धांत छापला. फार कुणी मनावर घेतलं नाही.

पण शरीरात ही मूलकं येतात कुठून? इथं एक मराठी नाव येतं, कमला सोहोनी. माहेरच्या त्या भागवत. 1933 साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या आणि अटींवर का होईना, आत गेल्या. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी सापडलं. 1939 मध्ये त्यांना पीएचडी मिळाली.

सायटोक्रोम सी म्हणजे पेशीच्या श्वासातला हमाल. मायटोकाँड्रियात तो इलेक्ट्रॉन पुढे पोचवतो. या वाहतुकीत थोडे इलेक्ट्रॉन वाटेतच सांडतात, ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड हे मूलक तयार होतं. सोहोनींच्या प्रबंधाचा वार्धक्याशी संबंध नव्हता. पण 1969 साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी गाईबैलांच्या रक्तात सुपरऑक्साइड निकामी करणारं एन्झाइम ओळखलं, तेव्हा मोजणीला त्यांनी सायटोक्रोम सीच वापरलं. शरीर या मूलकांशी लढतं, हे आता पक्कं झालं. 1972 मध्ये हारमननं आयुष्याचं घड्याळ मायटोकाँड्रियात असल्याचं मांडलं.

मग गोळ्यांचा बाजार उभा राहिला. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. 1994 मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर घटला नाही, उलट 18 टक्के जास्त निघाला. 2009 च्या एका प्रयोगात क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी व्यायामाचा काही फायदाच पुसून टाकला. कारण मूलकं नुसती चोर नाहीत. पांढऱ्या पेशी त्यांनीच जंतू मारतात, आणि स्नायूंना बळकट होण्याचा निरोपही त्यांच्याच हाती जातो. हारमन पुरता चुकला नव्हता. म्हाताऱ्या प्राण्यांच्या ऊतींत ही झीज खरोखर दिसते. पण तीच म्हातारपणाचं मूळ आहे, हे सिद्ध झालेलं नाही.

तेलाच्या डब्याला श्वास घ्यायचा नसतो, आजीला घ्यायचा असतो. हा फरक बाटलीवर छापलेला नव्हता.

आजीला एवढंच सांगितलं, "काही होत नाही यानं." तिनं बाटली रिकामी केली, धुतली आणि तिच्यात मोहरी भरली.