सुटा भाग: विकला की नुसता बसवला?

मंडळी, एसीचं वर्षाचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट आपण एकरकमी भरतो. त्यात मेकॅनिकच्या फेऱ्या आल्या आणि जळालेला कपॅसिटर बदलून देणंही आलं. आता सांगा, त्या पैशात माल किती आणि मेहनत किती? आपण कधी विचारलं नाही. पण याच प्रश्नावर सरकार आणि धंदेवाले पन्नासहून अधिक वर्षं कोर्टात भांडले, आणि त्याचा भार शेवटी आपल्या बिलावर आला.

भांडणाचं मूळ राज्यघटनेतल्या वाटणीत आहे. मालाच्या विक्रीवरचा कर राज्यांचा. 1958 मध्ये गॅनन डंकर्ली खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, एकसंध कंत्राट फोडून त्यातल्या मालावर राज्याला विक्रीकर लावता येणार नाही. राज्यांचा महसूल अडला. म्हणून 1982 ची 46वी घटनादुरुस्ती आली आणि कंत्राटात वापरलेला माल 'विकला' असं मानायची सोय झाली.

मग केंद्र मैदानात उतरलं. 1 जुलै 1994 पासून मनमोहन सिंगांच्या सेवा कराची सुरुवात झाली. सेवा तीनच, दर 5 टक्के. 1 जुलै 2003 पासून मेंटेनन्स आणि दुरुस्तीही त्यात आली. सोबत एक अधिसूचनाही निघाली: विकलेल्या मालाची किंमत कागदोपत्री सिद्ध करा, तेवढ्यावर सेवा कर नाही. ऐकायला चोख! पण वर्षभरात कुठला पार्ट जाणार हे एकरकमी कॉन्ट्रॅक्ट करताना कुणाला ठाऊक असतं? मग मालाची किंमत वेगळी दाखवायची कशी?

टायर रिट्रेडिंगवाल्यांचंच बघा. एका कंपनीने 70 टक्के माल धरून त्यावर राज्याचा कर भरला आणि उरलेल्या 30 टक्के मेहनतीवर सेवा कर. केंद्राचं खातं म्हणालं, पूर्ण रकमेवर सेवा कर द्या! प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 2017 च्या जानेवारीत निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

तोवर नियमच बदलले होते. 1 जुलै 2012 पासून हिशेब वेगळा देता येत नसेल, तर वस्तूंच्या दुरुस्तीच्या कंत्राटात 70 टक्के सेवा धरायची असं ठरलं. इकडे महाराष्ट्राच्या व्हॅटमध्ये सोप्या हिशेबाची योजना निवडली, तर कंत्राटाच्या पूर्ण रकमेवर 8 टक्के. म्हणजे 10,000 रुपयांच्या कॉन्ट्रॅक्टवर राज्याचे 800, आणि 7,000 वर तेव्हाच्या 12.36 टक्क्यांनी केंद्राचे 865. शंभर रुपयांचं काम, कर मात्र एकशे सत्तर रुपयांवर. दोन्ही सरकारं आपापल्या कायद्यानुसार बरोबर, मधल्यामध्ये गिऱ्हाईक भरडलं.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि माल-सेवा एका छत्राखाली आले. त्याच 10,000 वर आता 18 टक्क्यांनी 1,800. म्हणजे घरगुती गिऱ्हाइकाच्या बिलावरचा कर काही घटला नाही, हे खरं. पण एकाच रकमेवर दोघांनी हात मारायचा प्रकार थांबला.

तरी एक शेपूट उरलंच होतं. गाडीच्या बऱ्याच पार्टवर 28 टक्के आणि दुरुस्तीच्या मजुरीवर 18. म्हणजे बिल एकत्र करायचं की वेगळं, हा प्रश्न पुन्हा पैशाचा झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीचे पार्टही 18 टक्क्यांवर आले, तेव्हा तिथला वादही निवला.

धडा साधा आहे. माल की मेहनत हा वाद गॅरेजमध्ये जन्मला नाही, तो दोन दरांच्या आणि दोन सरकारांच्या फटीत जन्मला. फट बुजली की वादही संपतो. उद्या कुणी पुन्हा पार्टला एक दर आणि कामाला दुसरा दर लावायची टूम काढली, तर हा इतिहास आठवा. त्या फटीचं बिल आपल्याच नावावर फाटतं.