पायताणांची साक्ष

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

चपलांच्या दुकानात बायकांना फार वेळ लागतो, या विनोदावर आपल्याकडच्या दिवाळी अंकांनी कित्येक वर्षे व्यंगचित्रे छापली. विनोद जुना झाला, वेळ अजून लागतोच. कारण सरळ आहे. पुरुषाचा एक काळा बूट कचेरीत चालतो, लग्नात चालतो आणि शोकसभेतही चालतो. बाईला रोजच्या वापराची वेगळी, पावसाळ्याची वेगळी, शालूखालून जेमतेम डोकावणारी जरीची वेगळी, अशी जमवाजमव करावी लागते. अलीकडे तर साडीवर किंवा सलवार-कमीजवर खेळाचे बूट घालून लोकल पकडणाऱ्या मुली मी पाहते. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत उंच टाचांचे सँडल असतात आणि ऑफिसच्या दारापाशी अदलाबदल होते. चालायचा जोडा वेगळा, दिसायचा जोडा वेगळा. ही वाटणी काही आजची नाही. बायकांच्या पायताणांचा इतिहास चाळू लागले की ती जागोजाग भेटते.

मी इतिहासाची शिक्षिका. आमच्या विषयाची एक अडचण अशी, की सनदा, ताम्रपट, बखरी, तहनामे यांत बायका फार कमी भेटतात. राणी असेल तर नावापुरती, नाहीतर तेवढीही नाही. मग त्या कुठे होत्या, कशा राहत होत्या, हे शोधायचे कशावरून? मडक्यांवरून, मण्यांवरून आणि, मला विशेष वाटते, जोड्यांवरून. वस्त्र दुसऱ्याचेही अंगाला बसते. जोडा मात्र ज्याचा त्याचा होऊन जातो. तळ कुठे झिजला, पट्टा कुठे ताणला, बोटांचे खळगे कुठे पडले, हे चामडे विसरत नाही.

अर्थात जोडा सगळेच सांगतो असे नाही. आर्मेनियातल्या अरेनी गावाजवळच्या गुहेत 2008 मध्ये एक चामडी जोडा सापडला. तो सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा निघाला, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुना. गाईच्या कातड्याचा एकच तुकडा पायाभोवती वळवून वादीने आवळलेला, आत गवत कोंबलेले, आणि वर मेंढ्यांच्या लेंड्यांचा थर साचल्यामुळे हवा न लागता जसाच्या तसा राहिलेला. लांबी साडेचोवीस सेंटिमीटर, म्हणजे आजच्या दुकानातला सदतीस नंबर. वर्तमानपत्रांनी लगेच तो बाईचा ठरवून टाकला. संशोधक मात्र सावध राहिले. त्या काळातल्या लहानखुऱ्या पुरुषाच्याही पायात तो बसला असता, असे त्यांनी सांगितले. मला तो सावधपणा आवडला.

इजिप्तच्या राणीची गोष्ट अधिक खात्रीची आहे. दुसऱ्या रामसेसची पट्टराणी नेफर्तारी ही इसवी सनापूर्वीच्या तेराव्या शतकातली. तिची कबर 1904 मध्ये इटालियन संशोधक एर्नेस्तो स्कियापारेल्ली यांना सापडली, तेव्हा चोरांनी ती केव्हाच धुऊन नेलेली होती. सोने गेले, दागिने गेले. जे थोडेफार उरले त्यांत होते ममीच्या गुडघ्यांचे तुकडे आणि विणलेल्या वहाणांचा एक जोड. चोरांना त्यांत काय गोडी असणार? आज त्या वहाणा इटलीत, तूरिनच्या संग्रहालयात आहेत. पुढून निमुळत्या, अंगठ्याशेजारून पट्टा घेतलेल्या, आपल्या स्लिपरच्या सख्ख्या बहिणी शोभतील अशा. ते गुडघे राणीचेच का, हे पडताळताना शास्त्रज्ञांनी या वहाणांचीही मापे घेतली आणि 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. वहाणा एकोणचाळीस-चाळीस नंबरच्या, आणि राणीची उंची साधारण पाच फूट पाच इंच. भिंतींवर रंगवलेली नेफर्तारी देवतांच्या बरोबरीने उभी आहे. वहाणांनी तिला माणसाचे माप दिले.

पण जोड्यांनी इतिहासकारांचे मतच बदलायला लावले, अशी माझ्या माहितीतली सर्वांत मोठी घटना इंग्लंडमधली आहे. तिथल्या उत्तर सीमेवर विंडोलँडा नावाचे रोमन ठाणे होते. जमीन पाणथळ, मातीत हवा शिरत नाही, त्यामुळे लाकूड आणि चामडे दोन हजार वर्षे टिकले. तिथून आजवर हजारो रोमन जोडे निघाले आहेत. रोमन सैन्याबद्दलचे पुस्तकी चित्र असे होते : साध्या सैनिकाला नोकरीत असेतो कायद्याने लग्न करता येत नव्हते, ही बंदी दुसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत राहिली, तेव्हा ठाण्याच्या तटाआत पुरुषांचेच राज्य. बायकापोरे असलीच तर बाहेरच्या वस्तीत. कारोल व्हान ड्रिल-मरे या चामड्याच्या जाणकार बाईंनी काय केले, तर सापडलेले जोडे मोजायला घेतले. कोणता जोडा कोणत्या इमारतीच्या जमिनीत सापडला, हेही नोंदलेले होते. सैनिकांच्या बराकींतून निघालेल्या जोड्यांत बायकांच्या मापाचे जोडे निघाले, पोरांचेही निघाले. कायदा काहीही म्हणो, बायका आत राहत होत्या. मुले तिथेच वाढत होती.

एका तळाच्या लांबीरुंदीवरून एवढे कळावे, याचे मला अजून नवल वाटते. हे मोजमाप एका बाईने केले, हा निव्वळ योगायोग असेल, पण त्याआधी बाड्याच्या बाड्या लिहिणाऱ्यांना ते सुचले नव्हते, हेही खरे.

याच ठाण्यात सन 100 च्या सुमारास फ्लेवियस सेरिआलिस हा अधिकारी होता. त्याच्या बायकोचे नाव सल्पिसिया लेपिडिना. तिला शेजारच्या ठाण्यावरच्या क्लॉडिया सेव्हेरा या मैत्रिणीने वाढदिवसाचे बोलावणे पाठवले होते. लाकडाच्या पातळ पट्टीवर शाईने लिहिलेले ते पत्र 1985 मध्ये सापडले. मजकूर लेखनिकाचा, पण शेवटच्या आग्रहाच्या ओळी सेव्हेराने स्वतःच्या अक्षरात लिहिल्या आहेत. बाईच्या हातच्या लॅटिन लिखाणाचा हा सर्वांत जुना ज्ञात नमुना मानतात. आणि अधिकाऱ्याच्या या निवासातूनच एक नाजूक सपात निघाली. चामड्यावर नक्षी, आणि लुसियस एबुटियस थेलिस या कारागिराच्या नावाचा शिक्का. ती लेपिडिनाचीच असावी असा अंदाज आहे. सीमेवरचा चिखल, थंडी, पाऊस, आणि पायात नावाजलेल्या कारागिराची सपात! ती घालून ती चिखलात नक्कीच गेली नसणार. घरात, पाहुण्यांसमोर घालायची ती वस्तू. म्हणजे पुन्हा तोच दिसायचा जोडा.

दिसायचा जोडा कुठवर जाऊ शकतो, हे पाहायचे तर चीनकडे वळावे लागते. तिथे जोडा पायाला बसवत नव्हते, पाय जोड्याला बसवत होते. फुझौ शहराजवळ 1243 साली वारलेल्या हुआंग शेंग या सतरा वर्षांच्या सुनेची कबर 1975 मध्ये उघडली गेली. तिच्यातले जोडे तेरा ते चौदा सेंटिमीटर लांबीचे आहेत. आपल्याकडे अडीच-तीन वर्षांच्या पोराचा पाय असतो, तेवढे. पुढच्या शतकांत आदर्श आणखी आकसला आणि तीन चिनी इंचांवर, म्हणजे जेमतेम दहा सेंटिमीटरवर आला. त्याला नाव काय, तर सोनेरी कमळ. मुलगी पाच ते आठ वर्षांची झाली की चार बोटे तळव्याखाली दुमडून पट्टीने आवळायची, रोज थोडी अधिक घट्ट. हे काम आई करी. मुलीच्या किंकाळ्या ऐकत करी, कारण मोठ्या पायाच्या मुलीला स्थळ कोण आणणार? त्या पायांवर चढवायचे रेशमी, भरतकामाचे जोडे बायका स्वतःच घरी शिवत, आणि त्यांतला कसब पाहिला की जीव हळहळतो.

ही सगळी रूपाची हौस, असे आपण इतके दिवस वाचत आलो. लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या दोन संशोधक बाईंनी खेड्यांतल्या शेकडो म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेऊन 2017 मध्ये एक वेगळेच म्हणणे मांडले. बांधलेल्या पायांच्या मुली घरात बसून सूत काढत, कापड विणत, दोऱ्या वळत. पळणारे मूल चरख्यापाशी बसत नाही, पाय बांधलेले मूल बसते. गिरणीचे सूत आणि कापड आले, घरच्या विणकामाला किंमत उरली नाही, तिथे पाय बांधणेही सुटत गेले. मांचू बादशहांची सतराव्या शतकातली बंदी फसली, 1912 मध्ये नव्या प्रजासत्ताकाने पुन्हा बंदी घातली. कायद्यांनी आपले काम केले असेल, पण गिरण्यांचा वाटाही मोठा, असे या बाईंचे सांगणे आहे. मला ते पटते. हौस म्हणून ज्याकडे बोट दाखवले जाते, त्याच्या मागे बरेचदा कामाचा हिशोब असतो. हार्बिन शहरातला एक कारखाना या आज्ज्यांसाठी इवलेसे जोडे बनवत असे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस गिऱ्हाइकेच उरली नाहीत, तेव्हा त्याने ते थांबवले.

उंच टाचेची कथा मात्र उलटी आहे, आणि थोडी गमतीची. टाच बाईसाठी जन्मलीच नाही. इराणी घोडेस्वार धनुष्य ओढताना रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून टाचेचे जोडे घालत. सन 1600 च्या सुमारास युरोपातल्या सरदारांनी ती फॅशन उचलली. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचा मिरवत असे. बायकांनी ती पुरुषांकडून घेतली, आणि अठराव्या शतकात पुरुषांनी गुपचूप टाकून दिली. 1950 च्या दशकात टाचेच्या आत पोलादी कांडी बसवायची युक्ती निघाली आणि टाच पेन्सिलीएवढी बारीक झाली.

पुढे तीच टाच नोकरीची अट होऊन बसली. जपानमध्ये युमी इशिकावा या अभिनेत्रीने 2019 मध्ये याविरुद्ध मोहीम काढली. जपानीत जोड्याला ‘कुत्सु’ म्हणतात आणि वेदनेला ‘कुत्सू’. या श्लेषावरून मोहिमेचे नाव पडले ‘कु-टू’. तिथल्या मंत्रिमहोदयांनी आधी हे समाजमान्य आहे असे उत्तर दिले. तरी 2020 च्या एप्रिलपासून जपान एअरलाइन्सने आपल्या हवाईसुंदरींवरची टाचेची सक्ती काढली.

हे झाले परदेशातले. तिथे कोणता जोडा घालायचा, यावरून भांडण. आपल्याकडे भांडण त्याच्याही अलीकडचे होते : बाईने जोडा घालायचा की नाही?

आपला ‘वहाण’ हा शब्द संस्कृत ‘उपानह्’वरून आला, इतका जुना. भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या, कारण पायताण हे अधिकाराचे चिन्ह. आणि बाईच्या बाबतीत? ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण कुणाला उद्देशून वापरली जाई, हे माझ्या पिढीच्या बायकांना सांगावे लागत नाही. तिला वहाण म्हणायला हरकत नव्हती, तिने वहाण घालायला होती. काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी या पायात बूट घालून आणि हातात छत्री घेऊन रस्त्यातून निघाल्या तेव्हा लोकांनी त्यांना दगड मारले, अशी हकीकत सांगितली जाते. छत्र आणि पायताण, दोन्ही पुरुषी मानाच्या खुणा, आणि दोन्ही एकदम उचललेल्या! आनंदीबाईंनी स्वतः 1883 च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरला केलेल्या भाषणात, मुंबईत शाळेत जाताना लोक आपल्याला खडे मारत, हे सांगितले होते. दीडच महिन्यात त्या अमेरिकेच्या बोटीत बसल्या. 1889 मध्ये काशीबाईंनी त्यांचे चरित्र लिहिले.

आणि हा प्रश्न ज्यांच्या घरी पुस्तके होती अशा बायकांपुरता नव्हता. देशाच्या कितीतरी गावांत दलित बाईला वरच्या आळीतून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागत. काही ठिकाणी हे अगदी अलीकडेपर्यंत चालले. ज्यांच्या हातांनी गावाला पायताण दिले, त्यांच्याच पायांना ते नाकारले गेले, याहून उघडी लबाडी दुसरी कोणती?

कोल्हापुरीची आज जगभर चर्चा आहे. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून तिचे भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला आणल्या, आरडाओरडा झाला, आणि मूळ भारतातले असल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. त्या गदारोळात एक गोष्ट फारशी कुणी बोलले नाही. कोल्हापुरीचा तळ ठोकून तयार करणे हे बहुधा पुरुषाचे काम, पण पट्ट्यावरची चामड्याची वेणी आणि बारीक टीप ही पुष्कळदा घरातल्या बायकांच्या हातची असते. उंबऱ्यापाशी बसून, पायाच्या अंगठ्यात वादीचे टोक अडकवून, स्वयंपाक आटोपल्यावर केलेले ते काम. विंडोलँडाच्या सपातेवर थेलिसचे नाव आहे. आता 2025 पासून कोल्हापुरीवरही क्यूआर कोडचा चौकोन येऊ लागला आहे, आणि त्यातून ती कुठे, कुणी बनवली ते कळते. पुढच्या खेपेला चप्पल घेईन तेव्हा मी तो चौकोन दुकानातच मोबाइलवर उघडून बघणार आहे, त्यात वेणी घालणारीचे नाव आहे का ते.