दश्शी-दुर्री

आमच्या घरी पत्ते म्हणजे मे महिन्याची सुट्टी, बदाम सात आणि मेंढीकोट. त्यामुळे पंच्याहत्तरीच्या घरात मी शब्दकोश मांडीवर घेऊन पोकरचं पुस्तक वाचतोय हे पाहून ही म्हणाली, "आता जुगार तेवढा राहिला होता!" पुस्तक नातू विसरून गेला होता. मी इतिहासाचा मास्तर. खेळापेक्षा त्याच्या इतिहासातच रमलो. आणि त्यातून एक जुनी गोष्ट वर आली.

अमेरिकेत लास व्हेगासला बेनी बिनियन याचा हॉर्सशू नावाचा कॅसिनो होता. १९७० साली त्याने तिथे नामांकित खेळाडू जमवले. तेव्हा ठराविक स्पर्धा नव्हतीच. खेळाडूंनी मतं देऊन जॉनी मॉसला विजेता ठरवलं. १९७१ पासून पद्धत बदलली. सगळ्यांनी सारखे पैसे भरायचे, सगळ्यांना सारख्या चिप्स, आणि त्या संपल्या की खेळातून बाद. शेवटी सगळ्या चिप्स ज्याच्यापुढे, तो विजेता.

एवढ्याशा बदलाने विचार करायची रीतच बदलली. साध्या जुगारात हरलेला खिशात हात घालून पुन्हा बसतो. इथे ती सोय नाही. शिवाय ठराविक वेळाने सक्तीची बोली वाढत जाते, म्हणजे नुसतं बसून राहिलं तरी चिप्स झिजतात. १९९५ चा विजेता डॅन हॅरिंग्टन याने पुढे आपल्या पुस्तकांत एक सोपा भागाकार सांगितला. आपल्या चिप्सना एका फेरीच्या सक्तीच्या खर्चाने भागायचं. उत्तर विसाच्या वर असेल तर चांगल्या पानांची वाट पाहता येते. पाचाच्या खाली गेलं तर थांबणं हाच मोठा धोका.

दुसरं गणित फळ्यावर मांडावं असं आहे. समजा तिघे उरलेत, तिघांकडे सारख्या चिप्स. बक्षिसं ५०, ३० आणि २० हजार. म्हणजे प्रत्येकाचा वाटा सरासरी ३३,३३३. आता एकाने दुसऱ्याशी सगळ्या चिप्स पणाला लावल्या. जिंकला तर चिप्स दुप्पट होतात, पण वाटा दुप्पट होत नाही. दोघांतल्या दोन तृतीयांश चिप्स त्याच्याकडे, म्हणून वाटा होतो ४३,३३३. हरला तर तिसरा क्रमांक, २० हजार. कमाई दहा हजारांची, नुकसान तेरा हजारांहून जास्त. जिंकण्याची शक्यता साधारण ५७ टक्के असल्याशिवाय हा डाव परवडत नाही. निम्म्या-निम्म्या शक्यतेचा डाव साध्या खेळात बरोबरीचा, इथे तोट्याचा!

पण मला थांबवलं ते डॉयल ब्रन्सनने. हा १९७६ आणि १९७७ असा लागोपाठ दोनदा जिंकला. या खेळात प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात आणि पाच पानं सगळ्यांची मिळून उघडी पडतात. दोन्ही वर्षी शेवटच्या डावात ब्रन्सनच्या हाती होती दश्शी आणि दुर्री. अगदी सामान्य पानं. दोन्ही वेळा शेवटचं उघडं पान दश्शीच निघालं आणि तो जिंकला. आजही त्या पानांना त्याचं नाव आहे. पण म्हणून शहाणा खेळाडू दश्शी-दुर्रीवर सर्वस्व लावत नाही. दोनदा जिंकली म्हणून ती पानं चांगली ठरत नाहीत.

ॲनी ड्यूक ही याच खेळातली नावाजलेली खेळाडू. तिने २०१८ च्या पुस्तकात हाच दोष दाखवला आहे: निकालावरून निर्णयाची पारख करणं. निर्णय तपासायचा तो घेताना काय ठाऊक होतं त्यावर, नंतर कोणतं पान उघडलं त्यावर नाही.

इथे मी पुस्तक मिटलं.

१९८६ साली माझ्या आईचं ऑपरेशन करायचं की नाही हे मला ठरवायचं होतं. डॉक्टर म्हणाले, केलं तर बरी होण्याची आशा आहे, नाही केलं तर त्रास वाढतच जाणार. मी होकार दिला. तिसऱ्या दिवशी आई गेली. धाकट्या भावाने कधी एका शब्दाने विचारलं नाही. पण मी मनाशी एकच वाक्य घोकत आलो: तू चुकलास.

आता वही घेऊन बसलो आणि पोकरवाल्यांसारखा तो डाव पुन्हा मांडला. मला काय माहीत होतं? डॉक्टरांनी सांगितलं तेवढं. त्यावर होकार देणं चूक नव्हतं. आई वाचली असती तर सगळ्यांनी मला शाबासकी दिली असती, आणि निर्णय मात्र तोच असता. पण वही तिथे संपली नाही. सकाळची एस.टी. धरून जिल्ह्याच्या गावी दुसऱ्या डॉक्टरांना विचारता आलं असतं. दोन दिवस हातात होते. मी विचारलं नाही. ती चूक माझी, आणि आई वाचली असती तरी ती चूकच राहिली असती.

गंमत पाहा, चाळीस वर्षं मी नको त्या गोष्टीचा दोष स्वतःला देत होतो आणि खरा दोष पाहिलाच नव्हता.

संध्याकाळी भावाला फोन केला. म्हटलं, "त्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला हवं होतं रे." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, ते मलाही सुचलं नाही."

पुस्तक नातवाला परत द्यायचं आहे. पण आधी भावाला देईन म्हणतो.